घरचे ब्रॉडबँड आणि खंडित होणारी नभोवाणी

ज्या घरांत संध्याकाळी नभोवाणी ऐकण्याचा परिपाठ अद्याप टिकून आहे, त्यांपैकी पुष्कळ घरांत आता रेडिओचा स्वतंत्र संच उरलेला नाही. विविध भारती असो, आकाशवाणीची शास्त्रीय संगीताला वाहिलेली ‘रागम’ वाहिनी असो, की सातासमुद्रापलीकडचे एखादे केंद्र असो, ते सारे मोबाइलवर अथवा संगणकावर घरच्या ब्रॉडबँडच्या तारेतूनच येते. त्या तारेचा भरवसा नसला म्हणजे जे घडते त्याचा अनुभव अनेकांना असेल. विलंबित ख्याल रंगात येऊन गायक समेकडे वळत असतानाच आवाज थांबतो, काही क्षण निःशब्द जातात, आणि पुन्हा सूर उमटतात तेव्हा मधल्या आवर्तनांचा मागमूसही नसतो. किंवा बातमीपत्रातील नेमके आपल्या तालुक्याचे वाक्य गळते. पुरवठादाराच्या ग्राहककक्षाला फोन करावा, तर तेथील कर्मचारी ‘स्पीड टेस्ट’ करावयास सांगतो, तीत शंभराच्या आसपासचा आकडा येतो, आणि तक्रार त्याच बोलण्यात निकाली काढली जाते. ग्राहकालाही मग वाटू लागते की दोष केंद्राचाच असावा किंवा आपल्या मोबाइलचा असावा. प्रस्तुत लेख अशा श्रोत्यांसाठी आहे. नभोवाणीला वेग फार थोडा लागतो, तिला हवे असते ते सातत्य. स्पीड टेस्ट सातत्य मोजतच नाही. म्हणून खंडाचा पुरावा ग्राहकाने स्वतः गोळा केल्यावाचून या तक्रारीची दाद लागत नाही, एवढे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

प्रथम हिशेब पाहू. इंटरनेटवरील बहुतेक केंद्रे आपला आवाज सेकंदाला ६४ ते १२८ किलोबिट या प्रमाणात पाठवतात. अधिक चोखंदळ केंद्रे १९२ किंवा ३२० पर्यंत जातात. १२८ किलोबिट म्हणजे सेकंदाला १६ किलोबाइट, आणि तासाला सुमारे ५८ मेगाबाइट. ज्या ग्राहकाने १०० एमबीपीएसची जोडणी घेतली आहे, त्याच्या तारेत असे पावणेआठशे प्रवाह एकाच वेळी मावावयास हवेत. त्यामुळे नभोवाणी तुटते म्हणून अधिक वेगाची, अधिक भाडे असलेली योजना घ्यावी, असा जो सल्ला विक्रेत्यांकडून सर्रास दिला जातो, तो स्वीकारण्यापूर्वी वाचकांनी हा आकडा ध्यानात घ्यावा. शंभराचे दोनशे केल्याने तुटणारी तार जोडली जात नाही, आणि हा खर्च केलेली जी घरे मी पाहिली आहेत, तेथे फरक पडलेला मला आढळला नाही.

मग त्याच तारेवरून चित्रपट सुरळीत चालतो आणि नभोवाणी मात्र का अडखळते? या प्रश्नाचे उत्तर समजले म्हणजे अर्धे निदान झाले. चित्रपट तो दाखविणाऱ्या सेवेच्या भांडारात आद्यंत तयार असतो. पाहणाऱ्याचे यंत्र पुढचा बराच भाग आधीच खेचून साठवून ठेवते, आणि तार अर्धा मिनिट मेली तरी त्या साठ्यावर चित्र चालू राहते. नळाला दिवसातून दोनदाच पाणी येत असले तरी गच्चीवरची टाकी भरलेली असल्यामुळे घरात दिवसभर पाणी चालते, तसाच हा प्रकार होय. थेट प्रक्षेपणाची गोष्ट निराळी आहे. जो स्वर पुढच्या क्षणी गायला जावयाचा आहे, तो आज कोणत्याच भांडारात नाही. त्यामुळे केंद्र जेवढ्या गतीने बोलते तेवढ्याच गतीने ते पाठवू शकते, आणि श्रोत्याच्या यंत्रातील साठा, ज्याला बफर म्हणतात, तो नेहमीच अल्प राहतो. आइसकास्ट नावाची जी प्रणाली अनेक केंद्रे वापरतात, ती श्रोता जोडला जाताच आरंभी सुमारे ६४ किलोबाइट एकदम देते. १२८ किलोबिटच्या प्रवाहात याचा अर्थ केवळ चार सेकंदांची शिल्लक. ही शिल्लक एकदा खर्च झाली की, आवाज काही काळ थांबविल्याखेरीज ती पुन्हा साठत नाही. तारेतील पाच सेकंदांचा जो खंड चित्रपट पाहणाऱ्या मुलांच्या लक्षातही येत नाही, तो नभोवाणी ऐकणाऱ्या आजोबांना तत्काळ जाणवतो, याचे कारण हेच. घरातील इतरांनी ‘नेट तर चालू आहे’ असे म्हटले तरी आजोबांची तक्रार खरी असते.

यातही प्रक्षेपणाच्या दोन पद्धती आहेत, आणि त्यांतील भेद निदानाला फार उपयोगी पडतो. आइसकास्ट व शाउटकास्ट यांच्या पद्धतीत श्रोता आणि केंद्र यांच्यामध्ये एकच जोडणी तासन्‌तास अखंड राहावी लागते. ॲपल कंपनीने २००९ साली प्रचारात आणलेल्या एचएलएस पद्धतीत मात्र आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे मागविला जातो. त्यामुळे मधली जोडणी तुटली तरी पुढच्या तुकड्यापासून गाडी रुळावर येते. जर आपल्याकडे पहिल्या पद्धतीची केंद्रे कायमची मूक होत असतील आणि पुन्हा हाताने सुरू करावी लागत असतील, आणि दुसऱ्या पद्धतीची केवळ क्षणभर थांबून पुढे चालत असतील, तर पुरवठादाराकडून जोडणीच अधूनमधून तोडली जात आहे, असा सबळ संशय घ्यावयास हरकत नाही.

तथापि पुरवठादारावर आरोप ठेवण्यापूर्वी केंद्र आणि आपले घर या दोघांची निर्दोषता सिद्ध करणे न्याय्य आहे, आणि पुढे तक्रारीत तेच कामास येते. केंद्राची परीक्षा सोपी आहे. तेच केंद्र, त्याच यंत्रावर, त्याच वेळी, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एक संपूर्ण संध्याकाळ ऐकावे. चार तासांना २३० मेगाबाइटच्या आसपास डेटा लागतो, म्हणजे खर्च नाममात्र आहे. हॉटस्पॉटवर खंड नाही आणि ब्रॉडबँडवर आहे, असे दोन-तीन संध्याकाळी दिसले की केंद्र दोषमुक्त झाले. घराची परीक्षा थोडी अधिक काळजीने करावी लागते, कारण खंडाचे सर्वांत सामान्य कारण वायफाय हेच असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारच्या दहा घरांचे राउटर, मायक्रोवेव्ह भट्टी आणि ब्लूटूथची उपकरणे एकाच वेळी गर्दी करतात, आणि जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती किंवा नव्या इमारतींचे काँक्रीट उरलासुरला संकेत शोषून घेतात. म्हणून संगणक राउटरला लॅन केबलने जोडून ऐकावे. केबलने जोडल्यावर खंड नाहीसा झाला, तर राउटरची जागा बदलावी किंवा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा, आणि पुरवठादाराला दोष देऊ नये. त्याचप्रमाणे घरातील कोणी मोबाइलमधील छायाचित्रे व चित्रफिती मेघसंचयात चढवीत असेल, तर वर जाणारा मार्ग तुंबून खाली येणारा आवाजही अडखळतो. चाचणीच्या काळात हे बंद ठेवावे.

केबलने जोडूनही खंड राहिला, तर आता पुरावा गोळा करण्याचा खरा भाग सुरू होतो. प्रत्येक संगणकात ‘पिंग’ नावाची आज्ञा असते. ती दिलेल्या पत्त्यावर दर सेकंदाला एक लहानसा संदेश पाठवते आणि उत्तर यावयास किती मिलिसेकंद लागले ते नोंदवते. ही आज्ञा तीन निरनिराळ्या खिडक्यांतून तीन पत्त्यांवर एकाच वेळी चालू ठेवावी. पहिला पत्ता आपल्या राउटरचा, जो त्याच्या पाठीवरील चिठ्ठीवर छापलेला असतो आणि बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो. दुसरा पुरवठादाराच्या पहिल्या ठाण्याचा, ज्याला गेटवे म्हणतात. विंडोजमध्ये ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा दिल्यास उत्तरातील साधारणतः दुसरी ओळ या ठाण्याची असते. काही पुरवठादारांचे हे ठाणे पिंगला मुळीच उत्तर देत नाही. तसे असल्यास त्यापुढील उत्तर देणारी ओळ घ्यावी. तिसरा एखादा सार्वजनिक पत्ता, जसा ८.८.८.८. नभोवाणी लावून ठेवावी, आणि ती ज्या क्षणी थांबेल त्या क्षणाची वेळ वहीत टिपून तिन्ही खिडक्यांत काय दिसते ते पाहावे. राउटरची उत्तरेही थांबली असतील, तर दोष घरातला. राउटर उत्तर देत आहे आणि गेटवे देत नाही, तर दोष आपल्या घरापासून पुरवठादाराच्या ठाण्यापर्यंतच्या तारेत. गेटवे उत्तर देत आहे आणि बाहेरचा पत्ता देत नाही, तर पुरवठादाराने पुढे ज्यांच्याकडून क्षमता विकत घेतली आहे त्यांच्या बाजूला किंवा त्या सांध्यात काही बिघडले आहे. ट्रेसर्टच्या मधल्या एखाद्या ओळीत चांदण्या दिसल्या आणि पुढच्या ओळी ठीक असल्या, तर मात्र तो दोष मानू नये. मधली यंत्रे अशा संदेशांना दुय्यम लेखतात आणि पुष्कळदा उत्तर देण्याचे टाळतात.

येथे सरासरीच्या आकड्याने फसू नये. तासाभरात पिंगचे ३,६०० संदेश जातात आणि त्यांतले एक टक्का, म्हणजे ३६, हरवले असे समजा. हे ३६ तासभर विखुरलेले असतील, तर हरवलेला भाग पुन्हा मागविला जातो आणि श्रोत्याला बहुधा काहीच कळत नाही. परंतु तेच ३६ सलग असतील, तर नभोवाणी अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ मेली. दोन्ही प्रसंगी पुरवठादाराच्या अहवालात एक टक्काच लिहिला जातो. म्हणून आपल्या वहीत टक्केवारीऐवजी प्रत्येक खंडाचा आरंभ, त्याची लांबी आणि तो कोणत्या पत्त्यापाशी दिसला, हे तीन तपशील लिहावेत. आठवड्याभराच्या अशा नोंदींतून एक आकृती उमटते, आणि त्या आकृतीवरून कारण ओळखता येते.

खंड रोज रात्री आठ ते अकरा याच वेळात पडत असतील आणि पिंगची उत्तरे वीस मिलिसेकंदांवरून दोनशे-तीनशेपर्यंत चढत असतील, तर पुरवठादाराने आपल्या क्षमतेपेक्षा अधिक ग्राहक एका वाहिनीवर बसविले आहेत. फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत सुमारे २.५ गिगाबिटची एक वाहिनी ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते, आणि त्या वाटणीच्या वरही स्थानिक केबलवाल्याची मोठ्या पुरवठादाराशी जोडणी अपुरी असू शकते. रात्री सगळी घरे एकदम चित्रपट पाहू लागली की टंचाई भासते. खंड वेळेला धरून नसून दिवसातून ठरावीक अंतराने पडत असतील, तर राउटरच्या नोंदवहीत, म्हणजे सिस्टिम लॉगमध्ये, त्या मिनिटाला पुरवठादाराशी असलेली पीपीपीओई नावाची जोडणी तुटून नव्याने झाल्याची ओळ सापडते का ते पाहावे. ती सापडली तर तिचे छायाचित्र घेऊन ठेवावे. याहून स्पष्ट पुरावा ग्राहकाच्या हाती क्वचितच येतो. राउटरच्या पडद्यावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपण अनेक ग्राहकांच्या सामायिक पत्त्यामागे आहोत असे समजावे. हा पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. सामायिक यंत्रणेवर ताण आला की तिच्यातून चाललेल्या दीर्घकाळच्या जोडण्या बळी पडतात, आणि नभोवाणीची जोडणी सर्वांत दीर्घ असते. अशा वेळी स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागता येतो. काही पुरवठादार तो जादा भाड्याने देतात.

पावसाळ्यात आणि वादळी वाऱ्यात खंड वाढत असतील, तर खांबाखांबांवरून आणि झाडांच्या फांद्यांतून ओढलेल्या तारेकडे पाहावे. फायबरच्या डबीवरचा ‘लॉस’चा लाल दिवा क्षणभर लागून विझतो का, हे घरातील एखाद्याने लक्ष ठेवून पाहिले तरी पुष्कळ कळते. त्या डबीच्या पडद्यावर येणाऱ्या प्रकाशाची शक्ती डीबीएममध्ये दिलेली असते. उणे ८ ते उणे २७ ही तिची सर्वसाधारण कार्यमर्यादा होय, आणि आकडा उणे २६ किंवा २७ च्या काठावर असला म्हणजे थोडी धूळ, खिडकीच्या चौकटीत चिमटलेली तार किंवा काटकोनात वाकवलेले एखादे वळण तेवढेच खंडाला पुरेसे होते. तंत्रज्ञ घरी आला म्हणजे त्याच्याकडून हा आकडा आपल्यासमोर मोजवून घ्यावा आणि वहीत लिहून ठेवावा. आणखी एक कारण आपल्याकडे विशेष आढळते. अनेक इमारतींत जिन्याखाली किंवा गच्चीवर केबलवाल्याची एक पेटी असते, तिच्यातील स्विच सार्वजनिक विजेवर चालतो, आणि घरात इन्व्हर्टर असूनही वीज जाताच त्या पेटीपाशी जोडणी मरते. खंडाच्या वेळा वीज जाण्याच्या वेळांशी जुळत असतील, तर पेटीला बॅटरी बसवून देण्याची मागणी सोसायटीने एकत्रितपणे करावी. एकट्या ग्राहकाच्या शब्दाला तेथे वजन नसते.

परदेशी केंद्रे तुटतात पण आकाशवाणीची वाहिनी तुटत नाही, असाही एक प्रकार आहे. भारताचा युरोपाशी होणारा बराचसा व्यवहार मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्राखालच्या केबलींतून चालतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ अशा केबली तुटल्या, तेव्हा अनेक देशांतील सेवा मंदावली, आणि त्यात भारतही होता. अशा प्रसंगी घरच्या पुरवठादाराशी भांडण्यात अर्थ नसतो. मात्र एखाद्या पुरवठादाराकडे महिनोन्‌महिने हीच स्थिती राहिली, तर त्याने बाहेरची क्षमता अपुरी घेतली आहे असे मानावयास जागा आहे. परदेशस्थ मराठी श्रोत्यांना याची दुसरी बाजू भोगावी लागते. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसून मुंबईचे केंद्र ऐकणाऱ्याने आपल्या पुरवठादाराला दोष देण्यापूर्वी तेथील एखादे स्थानिक केंद्रही तासभर ऐकून पाहावे.

दाद लागेपर्यंत काही उपाय घरच्या घरी करता येतात. व्हीएलसीसारख्या वादकात ‘नेटवर्क कॅशिंग’चा आकडा मिलिसेकंदांत असतो, आणि तो मूळचा साधारणतः एका सेकंदाचा असतो, तो दहा हजार करावा. आवाज दहा सेकंद उशिरा येतो, पण थेट सामन्याचे समालोचन सोडले तर त्याने काही बिघडत नाही, आणि लहानसहान खंड पचून जातात. केंद्राने ६४ किलोबिटचा प्रवाह दिला असेल तर तो निवडावा, कारण तेवढ्याच साठ्यात दुप्पट काळ मावतो. केंद्र सुरूच व्हावयास वेळ लागतो, पण एकदा सुरू झाले की ठीक चालते, असा अनुभव असेल तर पुरवठादाराची नावे शोधण्याची यंत्रणा, म्हणजे डीएनएस, मंद आहे, राउटरमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हे पत्ते भरल्याने हा दोष दूर होतो. राउटर व फायबरची डबी यांना लहान यूपीएस जोडणे तर प्रत्येक घराला परवडण्यासारखे आहे. मात्र रोज मिनिट-मिनिट तुटणारी तार यांपैकी कशानेही सुधारत नाही.

म्हणून तक्रार लेखी करावी, आणि ‘नेट स्लो आहे’ हे शब्द तीत मुळीच लिहू नयेत, कारण त्या शब्दांचे उत्तर स्पीड टेस्ट हेच ठरलेले आहे. मजकूर असा असावा: “दिनांक अमुक रोजी रात्री ८ वाजून ४२ मिनिटांपासून ५० सेकंद आपल्या गेटवेकडून एकही उत्तर आले नाही, त्या वेळी माझ्या राउटरची उत्तरे अखंड येत होती आणि संगणक लॅन केबलने जोडलेला होता, गेल्या सात दिवसांतील अशा सर्व खंडांचा तक्ता सोबत जोडला आहे, कारण शोधून दुरुस्ती करावी आणि केलेल्या दुरुस्तीचा तपशील लेखी कळवावा.” असा अर्ज वाचणाऱ्याला जिन्याखालच्या पेटीपर्यंत माणूस पाठवावाच लागतो. घरी येणारा केबलवाला पुष्कळदा केवळ मध्यस्थ असतो. बिलावर ज्या परवानाधारक कंपनीचे नाव आहे तिच्याकडे तक्रार नोंदवावी आणि नोंदणीचा डॉकेट क्रमांक अवश्य घ्यावा. दुरुस्ती न होताच ‘तक्रार निवारण झाली’ असा संदेश आला, तर त्याच दिवशी त्याला लेखी हरकत घ्यावी.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००६ साली ब्रॉडबँडच्या गुणवत्तेचे जे विनियम केले, त्यांत वेगाबरोबरच पॅकेट हरवण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आत असावे अशी मर्यादा घातली होती. त्यांची जागा घेणारे नवे विनियम १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आले. सातत्य हा सेवेचा स्वतंत्र निकष आहे हे कायद्याने केव्हाच मान्य केले आहे, आणि अर्जात या विनियमांचा उल्लेख अवश्य करावा. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करीत नाही. २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार प्रथम कंपनीचे तक्रार केंद्र, आणि तेथे समाधान न झाल्यास मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील, अशा दोन पायऱ्या आहेत; अपिलाला शुल्क नाही आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यावयाचा असतो. त्यानंतर केंद्र शासनाचे सार्वजनिक तक्रार पोर्टल, १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग खुले आहेत. दूरसंचार सेवेचे तंटे ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. ‘हा विषय ग्राहक आयोगाच्या कक्षेत येत नाही’ असे कोणी सांगितल्यास ते ग्राह्य धरू नये.

पुरवठादार बदलण्याचा विचार करणाऱ्यांनी नव्याचे नाव पाहण्याआधी त्याची तार कोणत्या खांबावरून व कोणाच्या पेटीतून येते ते विचारावे, कारण दोन निरनिराळ्या नावांच्या सेवा एकाच केबलवाल्याच्या त्याच स्विचमधून येत असल्याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. शेजाऱ्याच्या घरी त्या पुरवठादाराची जोडणी असल्यास रात्री नऊच्या सुमारास तेथे तासभर नभोवाणी लावून पाहण्याची परवानगी मागावी. कोणत्याही जाहिरातीतील आकड्यापेक्षा तो तास अधिक विश्वसनीय आहे. आणि सवलतीच्या मोहाने वर्षाचे भाडे आगाऊ भरू नये: पहिल्या महिन्यात, आणि शक्य असल्यास पावसाळ्याच्या एका महिन्यात, १२८ किलोबिटचा प्रवाह संध्याकाळभर अखंड चालला, तरच पुढचे पैसे भरावेत.